माठ भरलेला, तरी ऊन लागलंच कसं?

एप्रिल लागला की या सदराचं टपाल एकदम वाढतं. पावसाळ्यात खोकला, थंडीत गुडघे, आणि आता सगळ्यांची एकच विचारणा : डॉक्टर, काय प्यायचं? सब्जा की वाळा, ताक की उसाचा रस, माठातलं की फ्रीजमधलं. नागपुरात इतकी वर्षं दवाखाना चालवल्यावर माझं मत असं झालंय की "काय प्यायलात" हे मी दुसऱ्यांदा विचारावं. पहिल्यांदा विचारावं, "किती वाजता उन्हात होतात, आणि का?" पण पत्रं आली आहेत तर उत्तरं द्यायला हवीत. नावं गाळली आहेत, गावं तेवढी ठेवली.

प्रश्न : आमचे हे सेंटरिंगच्या कामावर जातात. मागच्या आठवड्यात स्लॅब होता. सोबत पाच लिटरची कॅन, शिवाय ठेकेदाराचा माठ. दिवसभर पाणीच पीत होते म्हणतात. तरी चार वाजता पायात, पोटात गोळे आले, उलट्या झाल्या, डोकं धरून बसले. गावच्या डॉक्टरांनी सलाईन लावली, म्हणाले मीठ कमी झालं. एवढं पाणी पिऊन ऊन लागलंच कसं? आणि आमच्या घरी तर ठेचासुद्धा खारट असतो, मीठ कमी कसं होईल?
(ब्रह्मपुरी तालुका)

उत्तर : ताई, आधी एक सांगा, त्या दिवशी त्यांचा डबा भरलेलाच परत आला होता ना? माझी पैज आहे, आला असणार. उन्हात भूक मरते. माणूस म्हणतो, जेवण नको, पाणी दे. तुमचा खारट ठेचा आणि भाकर डब्यातच राहिली, म्हणजे दिवसभराचं मीठही डब्यातच राहिलं.

आता घामाचा हिशोब बघा. भर उन्हात अंगमेहनत करणाऱ्या माणसाला तासाला लिटरभर घाम सहज येतो, कधी दीड लिटरही. त्या लिटरभर घामात साधारण अर्धा चमचा मीठ जातं. माणसागणिक कमी-जास्त होतं, पण जातं नक्की. शर्टाच्या पाठीवर पांढरे पट्टे उमटतात ते हेच. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही गेलं, भरलं मात्र नुसतं पाणी. रक्तातलं मीठ पातळ होत गेलं की गोळे येतात, मळमळतं, डोकं दुखतं. फारच उतरलं तर माणूस बरळतो, झटके येतात. मूत्रपिंडही तासाला साधारण लिटरभरच जास्तीचं पाणी बाहेर टाकू शकतं, आणि उन्हात राबताना तेवढंही नाही. म्हणून तासाला दीड लिटरच्या वर पाणी कधीच ढोसू नये. दर पंधरा-वीस मिनिटांनी एक पेला, पाव लिटरच्या आतबाहेर, हे प्रमाण चांगलं. तहान लागायची वाट बघत बसायचं नाही, आणि एका दमात तांब्याही रिकामा करायचा नाही.

पाण्याच्या जोडीला काय? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे डबा खाणं. अकराच्या सुट्टीत अर्धी भाकर, कांदा, ठेचा पोटात गेलाच पाहिजे. मग मीठ घातलेलं पातळ ताक किंवा ज्वारीची आंबील. आंबील तर आपल्याकडे याच कामासाठी आहे. हल्लीच्या मुलांना ती गरिबाची वाटते, त्याला माझा इलाज नाही. आणि घाम अगदी निथळत असेल, पाय-पोटात गोळे नेहमीच येत असतील, तर ओआरएस. सरकारी दवाखान्यात आणि आशाताईंकडे पुडी फुकट मिळते. मोठी पुडी एक लिटर पाण्याची असते, लहान पुडी २०० मिलीची. वर छापलेलं वाचून तेवढ्याच पाण्यात अख्खी पुडी टाकायची. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या, असं चालत नाही. एका पेल्यात मोठी पुडी तर अजिबात नाही. ते इतकं खारट होतं की उलट पाणी ओढून घेतं. कालवलेलं चोवीस तासांत संपवा, उरलं तर झाडाला घाला. पुडी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. सपाट म्हणजे सपाट, शीग नको.

या पुडीला हलकं समजू नका. १९७१ च्या बांगलादेश युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाणी, मीठ आणि ग्लुकोज ड्रममध्ये कालवून लोकांना पाजलं. तिथलं मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्याही खाली आलं. साखर असली की आतडं मीठ आत घेतं आणि मिठापाठोपाठ पाणी जातं, एवढाच त्यातला मंत्र. त्यांना पद्मविभूषण मिळालं ते २०२३ मध्ये, मृत्यूनंतर. असो.

दोन गोष्टी तुम्ही विचारल्या नाहीत, पण सांगते. दिवसभर घाम गाळून आलेला माणूस संध्याकाळी अंग ठणकतं म्हणून मेडिकलमधून दुखण्याची गोळी घेतो. शरीर सुकलेलं असताना त्या गोळ्या मूत्रपिंडावर बसतात. रोजची सवय असेल तर मोडा. दुसरं, लग्नकार्यासाठी पंधरा दिवस गावी जाऊन आलेल्या मजुराला पहिल्याच दिवशी पूर्ण पाळी देऊ नये, हे ठेकेदाराच्या कानावर घाला. शरीराला उन्हाची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि कामावर कोसळणाऱ्यांत पहिल्या काही दिवसांतलेच जास्त असतात. नव्या माणसाला पहिल्या दिवशी पाचवा हिस्सा काम, मग रोज तेवढंच वाढवत न्यायचं, असा एक नियम आहे. आणि स्लॅब पहाटे चारला सुरू करून अकराला संपवता येतो. तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायकांना हे कुणी शिकवावं लागलं नाही : झुंजूमुंजू होताच जंगलात, ऊन चढायच्या आत घरी, आणि पुडे बांधायचे ते सावलीत बसून.

प्रश्न : वय ७२, निवृत्त शिक्षक. हृदयाचं पंपिंग कमी आहे. डॉक्टरांनी दिवसाला दीड लिटर पाणी सांगितलं आहे, लघवीची गोळी चालू आहे. पण घरात टीव्ही लागला की "भरपूर पाणी प्या, भरपूर पाणी प्या", आणि सौभाग्यवती दर तासाला तांब्या घेऊन उभ्या. ऐकावं कुणाचं?
(नागपूर)

उत्तर : सर, तांब्याचं ऐकू नका, पण डॉक्टरांचं जुनं वाक्यही तसंच्या तसं मेपर्यंत ओढू नका. ती दीड लिटरची मर्यादा तुम्हाला कोणत्या महिन्यात सांगितली होती? डिसेंबरात सांगितली असेल तर आत्ता जाऊन पुन्हा विचारा. उन्हाळ्यात पुष्कळांची लघवीची गोळी कमी करावी लागते आणि पाणी थोडं वाढवावं लागतं. पण ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, मी इथून नाही आणि तुम्ही मनानं तर मुळीच नाही.

तुमच्या हातात आहे तो वजनकाटा. रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, त्याच कपड्यांत वजन करा आणि वहीत लिहा. तुम्ही शिक्षक, वही नीट ठेवालच. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं किंवा पाय सुजले तर अंगात पाणी साठतंय. उलट वजन उतरत चाललंय, उठताना अंधारी येते, लघवी गडद झाली, तर कमी पडतंय. दोन्ही वेळा फोन करायचा. तोंड सुकतं त्यासाठी चूळ भरा, बर्फाचा लहान खडा चघळा, फक्त तो हिशोबात धरा. ओआरएस आणि खारट ताक तुमच्यासाठी नाही. नारळपाण्यात पोटॅशियम असतं, ते तुमच्या गोळ्यांशी जमतं का, हेही विचारूनच. आणि बाईसाहेबांना सांगा, तांब्याऐवजी ओला नॅपकिन आणा. मानेवर, हातांवर ओलं फडकं फिरवलं तर पाणी न पिताही अंग निवतं.

ब्लड प्रेशरच्या काही गोळ्या, मानसिक आजाराची औषधं, मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या, यांचाही उन्हाशी असाच संबंध आहे. चालू औषधांची यादी घेऊन एप्रिलमध्ये एक चक्कर मारावी. कुठलीही गोळी परस्पर बंद करू नये.

प्रश्न : मी चंद्रपूरची, ४५-४६ अंशांत लहानाची मोठी झाले. आता नोकरीनिमित्त ऐरोलीत असते. इथे ३४ असतानाही लोकलमधून उतरले की जीव नकोसा होतो. मैत्रिणी हसतात, "काय गं, विदर्भाची ना तू?" बाबांनी हौसेनं घरचा कूलर पाठवला, तर तो लावल्यावर आणखीच चिकचिक होते. माझी सवय गेली की काय?
(ऐरोली)

उत्तर : सवय गेली नाही गं, हवा बदलली. तुझ्या चंद्रपूरच्या घरातला माठ आठव. बाहेरून ओलसर झालेला, आत पाणी गार. तोच माठ ऐरोलीच्या ओट्यावर ठेव, पाणी जेमतेम गार होईल. माठ गार होतो तो झिरपलेलं पाणी उडून जातं म्हणून. आपलं अंगही तसंच. घाम येण्यानं गार वाटत नाही, घाम वाळण्यानं वाटतं. लिटरभर घाम वाळला तर अंगातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपकून खाली पडला तर काहीच नेत नाही. चंद्रपूरच्या कोरड्या हवेत घाम आला कधी नि वाळला कधी, कळत नाही. खाडीकाठच्या दमट हवेत तो ओघळतो, पण वाळत नाही. कूलरही हवेत पाणीच सोडतो. आधीच पाण्यानं भरलेल्या हवेत आणखी कुठे सोडणार? तो परत पाठवून दे, तिथे पंखाच बरा, खिडक्या समोरासमोर उघड्या ठेवून.

म्हणूनच हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात पारा ४० गाठल्यावर करतं आणि किनाऱ्यावर ३७ लाच. १६ एप्रिल २०२३ ला नवी मुंबईतल्या खारघरच्या मैदानावर भर दुपारी समारंभ झाला, पारा ३८ च्या आसपास होता, आणि उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. आपल्याकडे ३८ म्हणजे लोक "आज बरं आहे" म्हणतात. नुसत्या पाऱ्याच्या आकड्यावर जाऊ नकोस, शेजारी आर्द्रता किती दिली आहे तेही बघ. गच्च जीन्स सोडून सैल सुती घाल, आणि बाटलीत नुसत्या पाण्याऐवजी अधूनमधून मीठ-साखरेचं लिंबूपाणी ठेव. मैत्रिणींना मे महिन्यात चार दिवस चंद्रपूरला घेऊन ये. दुपारी दोनला बसस्टँडवर उतरव.

प्रश्न : आमच्या सोसायटीची लिफ्ट महिनाभर बंद आहे. पार्सल घेऊन आलेला मुलगा दुपारी जिन्यातच कोसळला. अंग तव्यासारखं, घामानं थबथबलेला, काहीतरी असंबद्ध बोलत होता. कुणी कांदा हुंगवला, कुणी तोंडात पाणी ओतलं, एकानं क्रोसिनची गोळी आणली. रिक्षा मिळेपर्यंत वीस मिनिटं गेली. मुलगा वाचला. पण नेमकं करायचं काय होतं? डॉक्टरांनी उष्माघात सांगितला, आमचे एक सभासद म्हणतात घाम होता म्हणजे उष्माघात नव्हताच.
(अमरावती, सोसायटीचे सचिव)

उत्तर : सचिवसाहेब, हे उत्तर नोटीस बोर्डावर लावलंत तरी माझी हरकत नाही.

सभासदांचा समज जुना आहे आणि धोक्याचा आहे. घरात पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाला उष्माघात होतो तेव्हा कातडी बहुधा कोरडी असते. पण धावपळ करणाऱ्या तरुणाला होतो तेव्हा तो घामानं भिजलेला असू शकतो. घाम बघत बसू नका, डोकं ठिकाणावर आहे का बघा. अंग भट्टीसारखं तापलंय आणि माणूस बरळतोय, झोकांड्या खातोय, ओळखत नाहीये, झटके येताहेत किंवा बेशुद्ध आहे : हा उष्माघात, दुसरं सिद्ध होईपर्यंत. आतलं तापमान ४० च्या वर गेलेलं असतं आणि मेंदू, यकृत, मूत्रपिंड त्यात शिजत असतात. मिनिटं मोजायची ती इथे.

१०८ ला फोन एकानं करायचा. बाकीच्यांनी त्याच क्षणी गार करायला लागायचं, गाडीची वाट बघायची नाही. आधी गार, मग हलवा. तुमच्या वीस मिनिटांत हेच व्हायला हवं होतं. सावलीत न्या. पार्किंगमध्ये नळ असतोच, पाइप लावा. बूट, शर्ट, बेल्ट काढा आणि डोक्यापासून पायापर्यंत पाणी सोडत राहा. थांबू नका. दोघांनी पुठ्ठ्यानं, पेपरनं, हाताला येईल त्यानं वारा घाला. पंखा ओढून आणता आला तर उत्तम. फ्रीजमधला बर्फ फडक्यात बांधून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवा, कारण तिथे मोठ्या रक्तवाहिन्या कातडीच्या जवळ असतात. मोठा टब किंवा हौद असेल आणि डोकं वर धरायला माणूस असेल तर गार पाण्यात गळ्यापर्यंत बसवणं सगळ्यात चांगलं. पहिल्या अर्ध्या तासात तापमान उतरलं तर माणूस बहुधा सहीसलामत घरी जातो.

शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात थेंबभर पाणीही घालायचं नाही, ते फुप्फुसात जातं. उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. तापाची गोळी इथे काही करत नाही. तापात शरीर स्वतःच तापमान वर नेतं आणि गोळी ते खाली आणते, उष्माघातात तर गार करणारी यंत्रणाच बसलेली असते. कांदा कोशिंबिरीत घाला.

आणि हे सगळं होण्याआधी त्याला खाली वॉचमनच्या खोलीशी बसून पाणी प्यायला मिळालं असतं का, आणि लिफ्ट महिनाभर बंदच का आहे, हेही पुढच्या सभेत काढा. उपदेश पुष्कळ झाला, आता खाली पाण्याचा एक माठ आणि एक स्टूल ठेवा.

प्रश्न : कूलरची टाकी रोज भरते, पण हात लावला की झिणझिण्या येतात. मिस्त्री म्हणतो थोडा करंट येतोच. शिवाय दारं-खिडक्या बंद ठेवायच्या की उघड्या? घरात यावरून रोज वाद.
(वर्धा)

उत्तर : "थोडा करंट" असं काही नसतं. आजच प्लग काढा आणि मिस्त्री बदला. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं जातात, त्यात पाणी भरणाऱ्या बायका आणि अनवाणी खेळणारी पोरं. लोखंडी बॉडी, खाली ओली फरशी, अर्थिंगचा पत्ता नाही. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग ओढून काढायचा. तीन पिनांचा प्लग, अर्थिंग तपासलेलं, आणि मेन बोर्डाला आरसीसीबी बसवून घ्या. साडीपेक्षा स्वस्त पडतो आणि करंट गळाला की क्षणात लाइन तोडतो.

वादाचा निकाल : कूलरच्या समोरच्या बाजूची खिडकी चार बोटं उघडी. आलेली ओली हवा बाहेर गेली नाही तर घराचं ऐरोली होतं. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा आणि वाळवा, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच वाढतात. ताटीतलं गवत दरवर्षी बदला. वाळ्याची ताटी परवडत असेल तर घाला, वासानंच निम्मा जीव गार होतो. हे वैद्यकीय मत नव्हे.

आता लहान पत्रांची लहान उत्तरं.

भंडाऱ्याच्या आजीबाईंनी विचारलंय, चार महिन्यांच्या नातवाला उन्हाळ्यात वरचं पाणी द्यावं का. नाही, आजी. सहा महिन्यांपर्यंत आईचं दूध पुरतं, मे महिन्यातही. दुधात बहुतेक पाणीच असतं. बाळाला जास्त वेळा पाजा, आणि पाणी त्याच्या आईला द्या.

उसाचा रस? मधुमेह नसेल तर कधीमधी प्या, पण बर्फ कुठला आहे ते बघून. चहा सोडायची गरज नाही, त्यातही पाणीच असतं. फक्त चहा-बिस्किटावर दुपार काढू नका. मधुमेह्यांनी ओआरएस घ्यावं का, असं दोघांनी विचारलं. लिटरभरात ग्लुकोज असतं साडेतेरा ग्रॅम, म्हणजे पेल्यात तीन ग्रॅमही नाही. जुलाब, उलट्या, निथळता घाम असेल तेव्हा जरूर घ्या, साखर तपासत राहा. धोका आहे तो ओआरएससारखी नावं लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांचा; त्यांत साखर कित्येक पट. अन्न सुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये असं नाव लावायला मनाई केली. तरी मेडिकलमध्ये खोका हातात घेतल्यावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलंय का, ते वाचा.

अकोल्याच्या एका आईनं लिहिलंय, मुलाचा घोळणा वारंवार फुटतो. डोकं मागे टाकू नका, रक्त घशात जातं. पुढे वाकवून बसवा, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं न सोडता चिमटीत धरा, तोंडानं श्वास घ्यायला सांगा. मधेमधे सोडून बघायचं नाही, तिथेच सगळे चुकतात. रात्री नाकपुडीत आतून थोडं व्हॅसलिन लावा, कोरड्या हवेनं पापुद्रे धरतात ते थांबतं. वीस मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना.

"उन्हाळी लागली" म्हणून धण्याचं पाणी पिणाऱ्या यवतमाळच्या ताई : धणे प्या, काही बिघडत नाही. पण जळजळीसोबत ताप, थंडी, कंबरदुखी असेल किंवा दोन दिवसांत पाणी वाढवूनही कमी नसेल, तर लघवी तपासा. ते इन्फेक्शन असतं आणि ऊन बिचारं फुकट बदनाम होतं.

आणि ज्यांनी विचारलं की भिंतीवरचा थर्मामीटर ४९ दाखवतो आणि वेधशाळा ४४ म्हणते, सरकार लपवतं का : नाही हो. वेधशाळेचा पारा जमिनीपासून सव्वा मीटरभर उंचीवर, पांढऱ्या झडपांच्या हवेशीर पेटीत असतो. तो हवेचं तापमान मोजतो, तुमचा थर्मामीटर पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीचं. ३० मे २०२४ ला नागपुरात ५६ अंशांची बातमी देशभर फिरली, तेव्हा ते स्वयंचलित केंद्राचं यंत्र बिघडलं होतं असं हवामान खात्यानंच सांगितलं. नागपूरचा खरा उच्चांक ४७.९ आहे, २३ मे २०१३ चा. तो काय कमी आहे?

प्रश्न : सासूबाई ७८ वर्षांच्या, टिनाच्या घरात राहतात. बाहेर तर पडतच नाहीत, मग त्यांना ऊन लागायची भीती नाही ना? पंखा चोवीस तास चालू असतो. पाणी मागतही नाहीत.
(बल्लारपूर)

उत्तर : या महिन्यातलं मला सगळ्यात काळजीचं वाटलेलं पत्र हेच, आणि ते सगळ्यात निवांत सुरात लिहिलेलं आहे.

ऊन लागायला उन्हात जावं लागत नाही. दुपारी टिनाखालची हवा बाहेरच्यापेक्षा गरम असते. आणि हवा चाळीसच्या वर गेली की कोरड्या अंगावर नुसता पंखा म्हणजे गरम वारा अंगावर घेणं; तो गार करत नाही, तापवतो. पंखा चालू ठेवायचा तर अंग ओलं हवं. दुपारी बारापासून चारपर्यंत तासातासानं ओल्या फडक्यानं हात, पाय, मान, तोंड पुसा आणि मग पंख्याखाली बसवा. सुती पातळ भिजवून, पिळून अंगावर टाकलं तरी चालेल. शेजारी कुणाचं स्लॅबचं घर, मंदिराचा सभामंडप, कडुनिंबाची सावली असेल तर तेवढे चार तास त्यांना तिथे नेऊन बसवा. गप्पाही होतील.

पाणी मागत नाहीत, कारण म्हातारपणी तहान कळायचीच कमी होते. "आई, पाणी हवं का?" असं विचारू नका, नको म्हणतील, रात्री उठावं लागतं म्हणून. हातात पेला द्या आणि समोर बसा. पन्हं, ताक, पातळ वरण, टरबुजाची फोड, सगळं पाण्यातच जमा. लघवी किती वेळा झाली आणि रंग कसा होता, हे सुनेनं विचारायचं असतं, त्यात लाज कसली.

टिनाला वरून चुन्याचा पांढरा हात मारा. मेच्या आधी एक पिंप चुना आणि एक माणूस, एवढाच खर्च. घर दोन-चार अंशांनी उतरतं. आतून तट्ट्याचं किंवा जुन्या साड्यांचं छत बांधलं तर टिनाची थेट धग लागत नाही. रात्री दोन्ही दारं उघडी टाका, सुरक्षित असेल तर अंगणात खाट टाका. रात्रीही उकाडा उतरला नाही, असे सलग दिवस म्हाताऱ्या माणसांना जास्त जड जातात, कारण शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, रोज सकाळी त्यांच्याशी दोन वाक्यं बोला. उत्तर तुटक, झोपाळू, भलतंच आलं तर "वयामुळे" म्हणून सोडू नका. अंगाला हात लावून बघा आणि वर सचिवसाहेबांना सांगितलंय ते करा.

प्रश्न : मावसभावाचं लग्न अकोल्यात २४ मेला, मुहूर्त दुपारी १२ वाजून ४० मिनिटांचा. वरात साडेदहाला निघणार, बँड आहे, दोन किलोमीटर नाचत जायचं. आजी ८१ वर्षांच्या, ताईचं बाळ आठ महिन्यांचं. पुण्याहून आम्ही वीस जण येतोय. काय काळजी घ्यावी?
(पुणे)

उत्तर : पहिली काळजी म्हणजे मुहूर्त. त्याच पंचांगात गोरज मुहूर्तही असतो, गुरुजींना विचारा. मावशीला फोन करण्याची हिंमत होत नसेल तर माझं नाव सांगा, नागपूरच्या डॉक्टरीणबाई रागावल्या म्हणावं.

ते नाही जमलं तर आजी आणि बाळ वरातीत नाहीत, थेट कार्यालयात, कूलरजवळ. नवरदेवाचा जरीचा कोट आणि फेटा कार्यालयाच्या दारात चढवा. घोड्यावर दीड तास तो घालून बसलेले नवरदेव मी सलाईनवर पाहिले आहेत. वरात निम्मी करा. बँडवाल्यांना आधी पाणी द्या, त्यांच्या अंगावर तुमच्यापेक्षा जाड कपडे असतात आणि त्यांना कुणी विचारत नाही. गाडीत लहान मूल पाच मिनिटांसाठीही बंद करून ठेवायचं नाही, काच खाली असली तरी. पुण्याच्या तरुण मंडळींनी पहिल्याच दिवशी नाचायची हौस आवरावी, तुमच्या अंगाला या उन्हाची सवय नाही. बिअर रात्रीही नको, सकाळी तर नकोच.

आणि मठ्ठा. पंगतीतला मठ्ठा मलाही आवडतो, पण त्यात जो बर्फ फोडून टाकतात तो कारखान्यातून येतो, रस्त्यावर पोत्यात घरंगळतो आणि बहुतेक वेळा खाण्यासाठी बनवलेलाच नसतो. मे महिन्यात लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माझ्याकडे येणारं वऱ्हाड उन्हाचं कमी आणि जुलाबाचं जास्त असतं. केटररला सांगा, मठ्ठ्याचं पातेलं बर्फात ठेवा, बर्फ मठ्ठ्यात नको. आणि वीस जणांसाठी ओआरएसच्या दहा पुड्या पुण्याहूनच घेऊन निघा, लग्नघरात त्या ऐन वेळी कुणालाच सापडत नाहीत.